निकड नऊ, शुल्क शून्य

आमच्या घरात आजवर कुणी मेलेलं नाही. सगळ्यांना फक्त 'जरा बरं नव्हतं'.

थोरले चुलते गेले तेव्हा पुण्याच्या आत्याला निरोप गेला, "दादांना जरा बरं न्हाई, सवडीनं ये." आत्या सवडीनंच निघाली. वाटेत साताऱ्याला उतरून कंदी पेढे घेतले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभी राहिली, तर अंगणात तिरडी बांधायचं काम चाललेलं. तो पुडा ठेवायचा कुठे, हेच तिला कितीतरी वेळ समजेना. आमच्या भागातला हा रिवाजच आहे. वाईट बातमी फोनवर सांगायची नाही. प्रवासातल्या माणसाला धक्का बसेल, म्हणून आधी 'जरा बरं नाही', गावाजवळच्या फाट्यावर 'जास्तच आहे', आणि दारात पोचल्यावर काय ते आपल्या डोळ्यांनी बघ. या रिवाजाची मला मनस्वी चीड आहे.

चीड यायला कारण आहे. आई गेली तेव्हा मी व्हँकूव्हरला होते. आताही तिथेच असते, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. माझा धाकटा भाऊ सत्यजित गारगोटीला असतो. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करून देतो, म्हणजे आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळून देतो. त्याने फोन केला, "आक्का, आईला जरा कणकण हाय. येऊन गेलीस तर बरं वाटंल तिला." मी निघाले. विमानात दोन विनोदी सिनेमे पाहिले, खदखदून हसले, आईला आवडतात म्हणून उतरताना बदाम घेतले. आणि आई तेव्हा बर्फाच्या लादीवर होती. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते, आणि ती लाज सत्याने माझ्या पदरात टाकली आहे.

आप्पांनी त्याचं नाव सत्यजित ठेवलं ही आमच्या घरातली पहिली थाप. आईच्या तेराव्याला मी त्याला देव्हाऱ्यापुढे उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली. पुढच्या वेळी जे असेल ते सरळ सांगायचं, मी जगाच्या पाठीवर कुठेही असले तरी. पुढची वेळ म्हणजे आप्पा, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. आप्पा बाहेर खाटेवर पेपर वाचत बसले होते. त्यांना ऐकू गेलं असणारच, पण त्यांनी फक्त पान उलटलं.

ती पुढची वेळ २०४१च्या मार्चमध्ये आली.

"आक्का, आप्पास्नी झटका आलाय," सत्या फोनवर म्हणाला. "कोल्हापुरात दवाखान्यात हलवलंय. डॉक्टर म्हणत्यात चोवीस तास बघू."

"जिवंत आहेत ना? शपथ आठव."

"हायत गं! माझं नाव घेतलं आत्ता. तू ये."

या वेळी तो खरं बोलत होता. व्हिडिओवर आप्पांचा हात दाखवला, बोटं हलत होती. मी मिळेल त्या विमानाचं तिकीट काढलं. थेट मुंबई, उत्तर ध्रुवाजवळून. पुढे कोल्हापूरचं छोटं विमान. मला एवढंच हवं होतं, की आप्पांची भेट व्हावी. आणि ती होणार नसेल, तर ते मला सरळ शब्दांत कळावं. पुन्हा वर ढगांत बसून मूर्खासारखं हसायचं नव्हतं.

आता विमानातल्या फोनचं सांगायला हवं, कारण माझं डोकं तिथूनच फिरायला सुरुवात झाली.

जमिनीवर आपला फोन जवळच्या एका टॉवरशी बोलतो. विमानातून त्याला एकदम शेकडो टॉवर दिसतात. तो गोंधळतो, सगळ्यांना पूर्ण ताकदीने हाका मारत सुटतो, आणि त्या गोंगाटाचा त्रास विमानाच्या यंत्रणेला आणि खालच्या टॉवरांना, दोघांनाही. म्हणून केबिनच्या छतातच एक चिमुकला टॉवर बसवतात. तो प्रवाशांच्या फोनना म्हणतो, हळू बोला, मी इथेच आहे. मग सगळ्यांचं बोलणं गोळा करून विमानाच्या पाठीवरच्या अँटेनातून उपग्रहाकडे पाठवतो. इथवर सगळं जुनंच. अडचण उपग्रहांच्या अपुऱ्या जागेची. ध्रुवाकडच्या आकाशात विमानांची गर्दी झाली आणि उपग्रहांची वाट अरुंद पडायला लागली. पूर्वी विमान म्हणजे जणू एक वेगळा देश समजून मिनिटाला दर लावायचे, फोन केला तरी आणि आला तरी. पैसेवाले तासन्‌तास बोलत बसायचे. कुणाच्या पोराचा अपघात झाला, तर त्याला लाइन मिळायची नाही.

यावर आंतरराष्ट्रीय शहाण्यांनी तोडगा काढला, त्याचं नाव निकड-दर. ज्याचं बोलणं जितकं गरजेचं, तितकं स्वस्त. अगदी निकडीचं असेल तर फुकट, आणि रिकाम्या गप्पा असतील तर चौपट. निकड ठरवणार यंत्र. पण प्रवाशाचे शब्द ऐकायला कायद्याने बंदी, म्हणून यंत्र शब्द ऐकतच नाही. ते गळा ऐकतं. माणूस बोलतो तेव्हा स्वरतंतूंच्या स्नायूंना एक अतिसूक्ष्म कंप असतो, सेकंदाला आठ-दहा वेळा. मनावर ताण आला की तो कंप बदलतो. श्वास वेगळ्या जागी तुटतो. उत्तर देण्याआधीची फट लांबते. या सगळ्यावरून यंत्र दोन्ही बाजूंच्या आवाजांना शून्य ते दहा असा आकडा देतं. दोघांतला मोठा आकडा धरायचा, आणि आठाच्या वर गेला की शुल्क माफ. समोरच्या सीटच्या पाठीवर हिरवी पट्टी असते. तिच्यावर हे सगळं प्रवाशाला दिसत राहतं. खालच्या माणसाला मात्र काहीच दिसत नाही.

हे मला शेजारच्या सीटवरच्या टिपणीसांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

टिपणीस ठाण्याचे. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि केटरर जिलबीऐवजी कसलीशी फ्रेंच मिठाई ठेवतो म्हणत होता. टिपणीसांचा त्याच्याशी विमान सुटल्यापासून वाद चालू होता. पट्टीवर निकड एक, दर चौपट. मग त्यांना युक्ती सुचली. ते रडका आवाज काढून बोलायला लागले.

"अरे, जिलबी ठेव रे... माझ्या म्हाताऱ्या आईची... शेवटची इच्छा आहे रे..."

पट्टी लाल झाली. दर आठपट.

"सोंग करणाऱ्याला दंड आहे," ते मला म्हणाले. "परवाच नवा नियम आलाय. काय हो हे! माणसाने घसा खवखवला म्हणून खाकरायचं पण नाही?"

"तुम्ही मेसेज का नाही करत?"

"मेसेजमधे भांडता येतं होय?"

मी कानांत बोळे घातले. पंधराएक तास या माणसाशेजारी काढायचे होते.

सत्याचा पहिला फोन आला तेव्हा विमान अलास्काच्या वर होतं. "पोचतीयास न्हवं? डॉक्टर म्हणाले तब्बेत हाय तशीच हाय. तुझी वहिनी बसलीय जवळ." पट्टीवर तिकडून पाच, इकडून सहा. काळजीतल्या माणसांचे आकडे. "ठेवतो गं. बिल पडतंय तुला," म्हणाला आणि मी आणखी काही विचारायच्या आत फोन बंद.

हा खरा सत्या. आयुष्यभर त्याने मिस्ड कॉलवर संसार चालवला. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू कर. फोन कितीही स्वस्त झाले, फुकट झाले, तरी त्याची रिंग दोनच्या पुढे गेली नाही. वहिनीला मागणी घातली तेव्हासुद्धा यानं दोन रिंगा देऊन फोन ठेवला असणार, असं आप्पा म्हणायचे.

मी जेवले, डोळे मिटून पडले. पुन्हा फोन वाजला.

"आक्का, जेवलीस का?"

"जेवले. आप्पा कसे आहेत?"

"हायत की. आता जरा डोळा लागलाय त्यास्नी. काय दिलं गं जेवायला?"

"भात आणि काहीतरी पिवळं. सत्या, डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणत्यात बघू. पिवळं म्हंजे वरण का कढी?"

"मला काय माहीत! डॉक्टर नेमकं काय म्हणाले ते सांग की."

"सांगतोय गं. ऐक तर. मडिलग्याच्या सावताची मोटार आलीया. साडेसात एचपी. एका वर्षात तिसऱ्यांदा जळाली बघ. मी त्याला म्हटलं, बाबा, वाइंडिंगचा दोष न्हाई, तुझं बेअरिंग गेलंय. तर ऐकंना. म्हणतोय तांब्याची तार तू हलकी घातलीस. मी हलकी तार घालीन व्हय गं आक्का?"

मी कपाळावर हात मारला. आमचा बाप दवाखान्यात, मी ध्रुवाच्या डोक्यावर, आणि हा मला सावताच्या बेअरिंगचं सांगत होता! गप्पांचा दर चौपट, येणाऱ्या फोनचाही आपल्याच माथी. मी दात ओठ खात पट्टीकडे पाहिलं.

तिकडून नऊ. इकडून तीन. शुल्क शून्य.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नऊच.

"सत्या, थांब जरा," मी म्हटलं.

"थांबतो की. निवांत बघ," तो म्हणाला.

यंत्र बिघडलं, हे उघड होतं. फोन कंपन्यांचा मला अनुभव आहे. आज शून्य दाखवतील आणि दोन महिन्यांनी 'तांत्रिक चुकीमुळे राहिलेली बाकी' म्हणून व्याजासकट उरावर बसतील. मी घंटी दाबली. रिन्चेन नावाची सिक्कीमची हवाईसुंदरी आली. चांगली हसतमुख पोरगी.

"तुमचं मीटर बंद पडलंय," मी तिला हिंदीत सांगितलं. "माझा भाऊ पाण्याच्या पंपाबद्दल बोलतोय आणि हे फुकट दाखवतंय."

"बिल शून्य येतंय म्हणून तक्रार करणाऱ्या तुम्ही पहिल्याच, मॅडम," ती हसली. तिने पट्टीवर बोट धरून ती बंद करून पुन्हा चालू केली. "आता बोला बरं."

"सत्या, आहेस का?"

"हाय की. तर काय सांगत हुतो, बेअरिंगचं..."

तिकडून नऊ.

"बघा!" मी म्हटलं. "बेअरिंगला नऊ!"

टिपणीस एव्हाना वाकून पाहत होतेच. त्यांचा संताप अनावर झाला. "म्हणजे काय! बेअरिंगला फुकट, आणि माझ्या जिलबीला चौपट? अहो बाई, यांचं फुकट असेल तर माझंही करा. हा सरळ सरळ पक्षपात आहे. शब्द ऐकत नाही म्हणता ना तुमचं यंत्र? नुसता गळा ऐकतं ना? मग यांच्या भावाच्या गळ्यात असं काय..."

टिपणीस बोलता बोलता थांबले. रिन्चेन आधीच गप्प झाली होती. ती एकदा पट्टीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"यंत्र बरोबर आहे, मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली आणि गेली. लगेच परत येऊन तिने माझ्यापुढे पाण्याची बाटली ठेवली आणि एक पांघरूण ठेवलं. मी दोन्हींतलं काहीच मागितलं नव्हतं.

"आक्का? ऐकतीयास न्हवं?" कानात सत्या विचारत होता.

मला सगळ्यात आधी राग आला, खरं सांगते. दुःख मागून आलं. इतकी देवाची शपथ घातली, आणि याने पुन्हा तेच केलं. पुन्हा मी वर बसून भात आणि काहीतरी पिवळं खात होते, आणि खाली तेव्हा सगळं संपलेलं होतं. मला ओरडायचं होतं. म्हटलं, शेवटची संधी देऊन बघू.

"सत्या, देव्हाऱ्यापुढं काय कबूल केलं होतंस?"

"हाय की ध्यानात."

"मग सरळ सांग. आप्पा आहेत का?"

फट पडली. यंत्र मोजतं तीच फट.

"हायत गं आक्का. आत्ताच दोन चमचं पेज घेतली."

तिकडून दहा.

झोपलेल्या माणसाने पेज घेतली. थापासुद्धा धड मारता येत नाहीत याला. मी तोंड उघडलं. 'खोटारड्या, मला सगळं कळलंय,' हे शब्द अगदी जिभेवर होते. तेवढ्यात तोच म्हणाला, "आक्का, बिल पडतंय न्हवं गं? मीटर किती दावतंय?"

आणि मला त्याचा सगळा डाव समजला. पेपरात आलं होतं, निकडीचा फोन फुकट आणि गप्पांचा महाग. त्याने वाचलं होतं. यंत्र शब्द ऐकत नाही हे काही त्याने वाचलं नव्हतं. खरं बोललं तर आक्काच्या पट्टीवर शून्य येईल आणि तिला कळेल, असा त्याने हिशेब केला. म्हणून हा जन्माचा चिक्कू माणूस, दोन रिंगांच्या पुढे न जाणारा, गेलेल्या बापाला बाहेर आणून ठेवलेलं असताना दवाखान्याच्या कुठल्याशा कोपऱ्यात उभा राहून, माझं मीटर मुद्दाम पळवायला बघत होता. बेअरिंग, वाइंडिंग, वरण का कढी. त्याच्या मते यातलं प्रत्येक वाक्य चौपट दराने पडत होतं, आणि म्हणून मला काही कळत नव्हतं.

मी जर आता सांगितलं असतं की नऊ दाखवतंय, आणि दहा दाखवतंय, तर तो तिथल्या तिथे कोसळला असता. वहिनी आप्पांपाशी; त्या कोपऱ्यात त्याच्याजवळ तरी कोण होतं?

"एक दाखवतंय," मी म्हटलं. "गप्पांचा दर. चौपट लावलाय चोरांनी."

"चौपट?" त्याने श्वास सोडला. पट्टीवरचा दहाचा नऊ झाला. "पडू दे. असू दे. एकदाच तर येतीयास."

"मग सावताच्या मोटारीचं काय झालं?"

"काय व्हतंय. फोडून दावली त्याला. आत बघतोय तर बेअरिंगचा पार भुगा..."

मी ऐकत राहिले. मधे मधे विचारत राहिले, ग्रीस कुठलं घातलंस, सावताने पैसे दिले का, वहिनीने यंदा सांडगे घातले का. पट्टीवर माझाही आकडा चढायला लागला होता. पाच, सात, मग इकडूनही नऊ. दोघं भावंडं सांडग्यांवर बोलत होतो. दोन्हीकडून नऊ, शुल्क शून्य. मला त्या हिरव्या पट्टीचा असा संताप आला, की मी तिच्यावर पांघरूण टाकलं. आता सत्याला काही विचारलं की तो तासभर बोलायचा. ठेवू का म्हटलं तर म्हणायचा, "थांब की गं, काय घाई हाय?" पूर्वी फोन लवकर ठेवतो म्हणून मी त्याच्याशी भांडायची. त्या दिवशी तो ठेवत नव्हता.

टिपणीसांनी त्यानंतर एकही फोन केला नाही. केटररचे फोन येत राहिले, ते कापत राहिले. मधेच त्यांनी पिशवीतून राजगिऱ्याची वडी काढली, माझ्या हातावर ठेवली आणि खिडकीकडे तोंड केलं. मुंबईला उतरताना माझी बॅग वरून काढून देताना म्हणाले, "जिलबीच ठेवायला लावतो. एकदा या लग्नाला." एवढंच. बिचाऱ्यांना दुसरं काय सुचणार होतं?

कोल्हापूरच्या विमानतळावर सत्या एकटाच आला होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. माझ्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाला, "दमलीस का गं?" गाडीत बसल्यावरही रिवाज पाळायला त्याने कमी केलं नाही. कागलपर्यंत 'तब्बेत जरा जास्त हाय', निढोरीपर्यंत 'डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय'. मी हूं हूं करत होते. मुदाळ तिट्ट्याला त्याने गाडी बाजूला घेतली. इथून पुढे गाव जवळ आलं. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"आक्का, आप्पा गेलं."

मला वाटलं होतं, पहिल्यांदाच ऐकल्याचं सोंग करावं लागेल. करावं लागलं नाही. विमानात गळ्याशी आलेलं सगळं गिळून गिळून बसले होते, ते एकदम बाहेर आलं. चहाच्या गाड्यावरची माणसं बघायला लागली. सत्या माझ्या पाठीवर हात ठेवून बसला होता आणि स्वतः लहान पोरासारखा रडत होता.

"शपथ घेतली होतीस," मी थोड्या वेळाने म्हटलं. "देवापुढं."

"घेतली हुती." त्याने बाहीने नाक पुसलं. "खाली असतीस तर सांगितलं असतं. आईच्यान सांगितलं असतं. पण तू वर. एकटी. शेजारी ना वळखीचं, ना पाळखीचं. आक्का, रडायला जवळ माणूस लागतंय. तितं कुणाच्या खांद्यावर रडली असतीस? मला येता येईना वर. म्हटलं, बोलत तरी बसू. निदान माझा आवाज तरी बसंल शेजारी."

आयुष्यभर मला या रिवाजाचा राग आला, आणि अजूनही येतो. पण त्या तिट्ट्यावर मला पहिल्यांदा वाटलं, की आई गेली तेव्हा याने जर असं बोलत बसायला फोन केला असता, तर मी ते सिनेमे पाहिले नसते.

त्याने गाडी सुरू केली. थोडं पुढे गेल्यावर, माझ्याकडे न बघता विचारलं, "बिल लई आलं असंल?"

माझ्या पर्समध्ये फोन होता आणि फोनमध्ये कंपनीचा मेसेज होता. देयक शून्य, पुन्हा सेवेची संधी द्यावी.

"लई म्हणजे लई," मी म्हटलं. "एकोणीस हजार."

"एकोणीस!" गाडीचा वेग एकदम कमी झाला. "दरोडेखोर हायत काय! पंपाच्या गप्पास्नी एकोणीस हजार?"

"गप्पांनाच तर जास्त."

मग त्याचे खांदे खाली आले. इतका वेळ त्याने ते कानांपर्यंत ओढून धरले होते. "म्हंजे यंत्राला काय कळलं न्हाई म्हणायचं," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला.

"काही नाही कळलं."

आप्पांना अंगणात ठेवलं होतं, माझ्यासाठी थांबवलेलं. त्यांच्या कपाळावर मी हात ठेवला. बाकीचं सांगण्यासारखं नाही. जे सगळ्यांच्या घरी होतं तेच झालं. तेरावा झाला, पाहुणे पांगले. निघायच्या दिवशी सकाळी सत्या माझ्या खोलीत आला आणि एक पाकीट माझ्यापुढे धरलं.

"काय हे?"

"बिलातलं अर्धं. बोललो दोघं. तू एकटीनं का भरायचं?"

माझ्या भावाने कुणाच्या बिलातले अर्धे दिल्याचं मी जन्मात पाहिलं नव्हतं. ते पैसे घेताना माझा जीव जात होता. पण नको म्हटलं असतं, तर त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं, आणि मला सत्याइतकंही खोटं बोलता येत नाही. शिवाय आमच्या घरात मिळालेले पैसे मोजल्याशिवाय कुणी ठेवत नाही. मी न मोजता ठेवले असते तर त्याला तिथेच शंका आली असती. म्हणून मी त्याच्यासमोर पाकीट उघडलं, बोटाला थुंकी लावली आणि एकेक नोट मोजली.

"दोनशे कमी आहेत," मी म्हटलं.

"कमी न्हाईत. तुला आणाय विमानतळावर गाडी आणली, तिच्या चार्जिंगचं वळतं केलं."

"चार्जिंगचे? बहिणीला आणायचे पैसे लावतोस?"

"मग? गाडी काय हवेवर चालती?"

"दे दोनशे. आत्ताच्या आत्ता."

तो देईना आणि मी सोडेना. दोनशे रुपयांवरून आम्ही आप्पांच्या रिकाम्या खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून भांडलो, आप्पा असताना भांडायचो तसेच, शेवटी वहिनी पोळपाटावरून उठून मधे येईपर्यंत.